डोक्याचे दुखणे, मनाचे दुखणे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा मनात प्रथम आल्या त्या नेहमीच्याच आठवणी. पहाटेच्या अंधारात हौदावर लागलेली रांग, त्रिसरण-पंचशीलाचा एका सुरातला आवाज, पावसाळ्यात चार-चार दिवस न वाळणारे गणवेश आणि शनिवारी मिळणारी खिचडी. हे सारे माझे बंधू-भगिनी लिहितीलच आणि माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी ज्या गोष्टीबद्दल लिहिणार आहे ती सांगायला मला पंचवीस वर्षे लागली. ती सांगणे म्हणजे आपण मनाने दुबळे आहोत असे चारचौघांत कबूल करणे, अशी माझी समजूत होती. आपल्या शाळेने आम्हाला ताठ मानेने उभे राहायला शिकवले होते. अशा शाळेत शिकलेल्या मुलीने दुबळे असू नये, असेही मला वाटत असे.

मी वेळवंड खोऱ्यातली. भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आमची वस्ती. पाचवीच्या वर्षी वडील मला घेऊन निघाले. सोबत एक पत्र्याची ट्रंक आणि आईने बांधून दिलेली चटणी-भाकरी. भोरहून कापूरहोळ, पुढे चेलाडी फाट्यावर उतरायचे आणि नसरापूर, मार्गासनीवरून वेल्ह्याकडे जाणाऱ्या दुसऱ्या एसटीची वाट पाहायची. त्या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. माझ्या तोंडात मात्र अजून वेल्हेच येते. वडिलांनी मला वसतिगृहाच्या दारात सोडले, अधीक्षिकांना हात जोडून ‘जय भीम’ म्हटले आणि मागे न बघता निघून गेले. त्यांनी मागे का पाहिले नाही, हे मला स्वतः आई झाल्यावर कळले.

सातवीत असताना, सहामाही परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, मला पहिल्यांदा ती आकृती दिसली. गणिताचा तास चालू होता. फळ्यावरच्या बेरजेतला मधलाच एक अंक दिसेनासा झाला. मी डोळे चोळले. त्या रिकाम्या जागेच्या कडेला एक चमकणारी, थरथरणारी रेघ उमटली होती, करवतीच्या दात्यांसारखी. ती हळूहळू मोठी होत अर्धवर्तुळासारखी पसरली. आम्ही नुकतेच तोरण्यावर सहलीला जाऊन आलो होतो. झुंजार माचीची तटबंदी मनात ताजी होती. मला वाटले, किल्ल्याचा तट डोळ्यांत शिरला आहे. वीसेक मिनिटांनी तो तट विरून गेला आणि मग उजव्या कानशिलात घण बसू लागले. उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको. संध्याकाळपर्यंत मी दोनदा उलटी केली.

पुढे परिचारिकेचे शिक्षण घेताना समजले की, किल्ल्याच्या तटाची उपमा सुचणारी मी पहिली नव्हे. ह्युबर्ट एअरी नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1870 साली स्वतःला दिसणाऱ्या अशाच आकृतींची चित्रे काढून प्रसिद्ध केली होती आणि त्यांची तुलना तटबंदीच्या कोनांशी केली होती. त्याचे वडील जॉर्ज एअरी हे मोठे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनाही हाच अनुभव येत असे. वैद्यकाच्या पुस्तकांत त्या आकृतीला आजही तटबंदीवरूनच पडलेले नाव आहे. वेल्ह्यातल्या सातवीच्या मुलीला हे तेव्हा कुणी सांगितले असते तर तिची भीती बरीच कमी झाली असती. मला वाटत होते की आपण आंधळे होणार आहोत किंवा वेडे होणार आहोत. यातले काहीही मी कुणाला सांगितले नाही. फक्त ‘डोके दुखते’ एवढेच सांगितले.

डोकेदुखीला पुरावा नसतो. ताप असला की थर्मामीटर बोलतो, हात मोडला की प्लास्टर दिसते. माझी डोकेदुखी परीक्षेच्या सुमारास, स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी, सुट्टीवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी हमखास यायची. ‘हिचे डोके वेळापत्रक बघून दुखते,’ असे मैत्रिणी म्हणत. त्या खोटे बोलत नव्हत्या, म्हणूनच ते अधिक लागे. परीक्षेची धास्ती, रात्रीचे जागरण, सकाळी न खाता केलेला अभ्यास ही सारी अर्धशिशीला आमंत्रणेच असतात. मलाही मग शंका येऊ लागली, की मीच तर हे दुखणे बोलावून आणत नाही ना?

वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एक ताई होत्या. त्यांचे शिक्षण फार नव्हते. त्यांनी मला कधीही ‘खरंच दुखतंय का?’ असे विचारले नाही. धान्याच्या कोठीत, दोन पोत्यांच्या मधल्या अंधाऱ्या जागेत त्या मला पोते अंथरून देत, कपाळाला सुंठ उगाळून लावत आणि दार ओढून घेत. दुपारी भाकरीचा चतकोर ठेवून जात. ‘उपाशी राहू नको, उपाशी राह्यलं की जास्त होतं,’ एवढेच म्हणत. अंधार, शांतता आणि पोटात अन्न. पुढे रुग्णालयात याहून फार वेगळा प्राथमिक सल्ला मी कुणाला दिलेला नाही. सुंठीचे मात्र मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यांच्या हाताचा गारवा अजून आठवतो.

घरी आईलाही हेच होते. तेव्हा मला ते ‘हेच’ आहे हे माहीत नव्हते. अर्धशिशी कुटुंबात उतरते, हे नंतर शिकले. भातलावणीच्या दिवसांत दिवसभर वाकून चिखलात काम, अंगावर इरले, वरून पाऊस, आणि इरल्याखाली कपाळाभोवती करकचून आवळलेला फडका. तो फडका दिसला की आम्ही भावंडे गप्प होत असू. सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खावी म्हणून कुणी भोरच्या बाजारातून जिलेबी आणून द्यायचे. पलीकडच्या वाडीतले एक म्हातारे अर्धशिशी उतरवायचे, त्यांच्याकडेही नेऊन झाले. आपल्या जुन्या वैद्यकाला हा आजार चांगला ठाऊक होता. सुश्रुतसंहितेतल्या अकरा शिरोरोगांत अर्धावभेदक आहे, सूर्याबरोबर चढणारा सूर्यावर्तही आहे. इतके जुने नाव असलेला आजार, आणि तरी आईच्या वाट्याला आला तो फडका.

आईचे आणखी एक होते. वर्षातून काही आठवडे असे यायचे, की ती बोलायची नाही. डोके दुखत नसले तरी. केस विंचरायची नाही, चुलीपुढे बसायची पण चूल पेटवायची नाही. जेवण पुढ्यात ठेवले तर दोन घास खाऊन ताट सरकवायची. शेजारच्या बायका विचारत, तेव्हा आम्ही सांगत असू, ‘आईचं डोस्कं उठलंय.’ दोन्ही अवस्थांना आमच्या घरात एकच शब्द होता. वडिलांना तो आळस वाटे, आजीला बाहेरची बाधा वाटे आणि मला, बाहेर शिकायला गेलेल्या मुलीला, त्याचा राग येई. हा राग मी अनेक वर्षे बाळगला. त्याबद्दल आज काय वाटते ते पुढे येईलच.

परिचारिका झाले, पुण्यातल्या एका रुग्णालयात लागले, लग्न झाले, मुलगा झाला. रात्रपाळ्या आल्या. महिन्यातून दोनदा येणारी अर्धशिशी आठवड्यातून दोनदा, तीनदा येऊ लागली. पण या लेखाचा विषय त्या दुखण्याइतकाच, दोन दुखण्यांच्या मधल्या दिवसांचाही आहे. ज्या दिवशी डोके दुखत नसे, त्या दिवशी मी ते कधी दुखेल याची वाट पाहत असे. लग्नाची निमंत्रणे टाळू लागले, कारण बँड आणि दिवे. मुलाच्या शाळेचे संमेलन टाळले. आभाळ भरून आले की पोटात गोळा. पर्समध्ये गोळ्यांची पट्टी नसेल तर बसमधून उतरून परत घरी. जरा कुठे कानशिलात टोचल्यासारखे झाले की गोळी, आणि पुढे पुढे टोचण्याआधीच गोळी. वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, अशा सलग तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीच्या खास गोळ्या असतील तर दहा दिवसही पुरतात. हे मी रुग्णांना समजावून सांगत होते, आणि घरी येऊन पट्टी फोडत होते.

याच काळात एका डॉक्टरांनी मला दुखणे येऊच नये म्हणून रोज रात्री घेण्याची एक गोळी दिली. फ्लुनारिझिन हे तिचे नाव. आपल्याकडे अर्धशिशीसाठी ती सर्रास दिली जाते आणि पुष्कळांना तिचा गुण येतो. म्हणून हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने ती बंद करू नये. पण तिने काहींना उदासी येते, आणि ज्यांना आधी नैराश्य येऊन गेले असेल त्यांना ती देऊ नये, असे औषधशास्त्र सांगते. डॉक्टरांनी मला मनाबद्दल विचारले नाही. मीही सांगितले नाही. डोके दुखते म्हणून गेले होते. मनाचे काय सांगायचे? दोन-तीन महिन्यांत दुखणे थोडे कमी झाले आणि बाकी सगळेच कमी झाले. भूक कमी, झोप कमी, मुलाच्या बोलण्यावरचे हसू कमी. मी केस विंचरायची टाळाटाळ करू लागले. एके दिवशी गॅससमोर अर्धा तास उभी राहिले आणि तो पेटवला नाही. रात्री झोपताना वाटू लागले की सकाळ झाली नाही तरी चालेल.

वसतिगृहात असताना रविवारी भन्तेजी यायचे. त्यांनी एकदा दोन बाणांचे सुत्त समजावून सांगितले होते. संयुत्तनिकायातले ते प्रसिद्ध सुत्त आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. शरीराला वेदना होते तो पहिला बाण. ज्याचे मन शिकलेले नाही असा माणूस त्या वेदनेपायी शोक करतो, आक्रोश करतो, आणि तो शोक म्हणजे त्याला लागलेला दुसरा बाण. शिकलेल्याला एकच बाण लागतो. लहानपणी हे ऐकून मला फार धीर आला होता. कोठीघरात पडल्या पडल्या मी श्वास मोजत असे, आणि खरोखरच घणांचे घाव काहीसे दूर जात.

पण तिशीत याच सुत्ताचा मी स्वतःविरुद्ध पुरावा केला. माझ्या डोक्यात पहिला बाण आहे हे ठीक. पण ही उदासी, ही धास्ती म्हणजे दुसरा बाण, आणि तो मीच मला मारून घेतला आहे. इतकी वर्षे आनापानसती करून, मैत्रीभावना करून मी शिकले काय? असा हिशेब मी रोज मांडत असे. त्यामुळे मदत मागणे अधिकच अवघड झाले. मदत मागणे म्हणजे नापासाचे प्रगतिपुस्तक दाखवणे.

शेवटी एका सहकारी सिस्टरने मला जवळजवळ ओढतच मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि मग एक साधा प्रश्न विचारला. ‘डोके दुखायच्या आदल्या दिवशी तुम्हाला कसे वाटते?’ मी विचार केला. आदल्या दिवशी जांभया येतात, गोड खावेसे वाटते, चिडचिड होते. आणि हो, विनाकारण रडू येते. ‘म्हणजे दुखण्याचे दुःख दुखण्याच्या आधीच येते,’ ते म्हणाले. ‘मग ते दुखण्यामुळे कसे आले असेल?’

माझी सारी मांडणी त्या एका वाक्यात कोसळली. अर्धशिशीचा झटका कानशिलात सुरू होत नाही. वेदनेच्या कित्येक तास आधी, कधी एक-दोन दिवस आधी, मेंदूच्या खोल भागांत बदल सुरू झालेले असतात. भूक, झोप, मनःस्थिती सांभाळणारा हायपोथॅलॅमस त्यांत सामील असतो. सेरोटोनिनसारखी रसायने वेदनेच्या मार्गांतही काम करतात आणि मनाच्या अवस्थांतही. एकाच घरातल्या दोन खोल्यांत पाणी झिरपावे तसे हे दिसते. वेदनेला कंटाळून माणूस खचतो, हेही खरेच. पण तेवढेच खरे नाही.

डॉक्टरांनी मला एका अभ्यासाबद्दल सांगितले, आणि नंतर मी तो स्वतः वाचला. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या परिसरात नेओमी ब्रेस्लाऊ या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांचा काही वर्षे मागोवा घेतला. ज्यांना अर्धशिशी होती त्यांना पुढे पहिल्यांदाच नैराश्य येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त निघाले. यात आश्चर्य नाही. पण ज्यांना आधी नैराश्य होते आणि डोकेदुखी नव्हती, त्यांना पुढे पहिल्यांदाच अर्धशिशी सुरू होण्याचे प्रमाणही जास्त निघाले. इतर प्रकारच्या तीव्र डोकेदुखीत हे उलट दिशेचे नाते आढळले नाही. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालती आहे. अर्धशिशी असलेल्यांत नैराश्य इतरांच्या सुमारे दुप्पट ते तिप्पट आढळते, चिंताविकार त्याहूनही अधिक जणांत दिसतात. आणि महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस ज्यांचे डोके दुखते त्यांच्यात दोन्हींचे प्रमाण आणखी वाढते.

आणि ही काही मूठभर लोकांची गोष्ट नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांनी बंगळूर आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन सुमारे 2300 प्रौढांची पाहणी केली, तेव्हा वर्षभरात अर्धशिशी झालेले सुमारे 25 टक्के निघाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यांत जास्त. हे वाचताना मला शेजारच्या राज्यातली खेडी दिसलीच नाहीत. वेळवंड खोऱ्यातल्या बांधावर कपाळाला फडका बांधून ओळीने वाकलेल्या बायका दिसल्या.

उपचारांची हकिकत मी थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकाचे औषध वेगळे असते आणि माझे औषध दुसऱ्याने घेऊ नये. ती रात्रीची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलली. वेदनाशामकांची सवय सोडवली. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. नैराश्यासाठी स्वतंत्र औषध सुरू झाले. येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. अमिट्रिप्टिलिन हे मूळचे नैराश्याचे औषध अर्धशिशी टाळण्यासाठीही देतात, पण अगदी कमी मात्रेत. त्या मात्रेने डोके सावरते, नैराश्य हटेलच असे नाही. उलट अर्धशिशी टाळणाऱ्या काही औषधांनी मन अधिक खालावू शकते. म्हणून डोक्याच्या डॉक्टरांना मनाचे सांगायचे आणि मनाच्या डॉक्टरांना डोक्याचे. दोघांच्या मध्ये निरोप पोचवण्याचे काम शेवटी रुग्णालाच करावे लागते. त्याशिवाय समुपदेशकांकडे बारा-तेरा वेळा गेले, झोपेची आणि जेवणाची वेळ पाळू लागले आणि एका वहीत रोज दोन खुणा करू लागले. एक डोक्याची, एक मनाची.

अर्धशिशी गेलेली नाही. महिन्यातून तीन-चार वेळा येते. डोळ्यांत तट उभा राहतो, मी गोळी घेते, खोलीत अंधार करते. पण मधले दिवस मला परत मिळाले आहेत. मुलाच्या संमेलनाला मी यंदा पहिल्या रांगेत बसले होते. दिव्यांचा त्रास झाला, म्हणून अर्ध्यातून उठून मागे जाऊन उभी राहिले. पूर्वी मी आलेच नसते.

बरे वाटू लागल्यावर एकदा भन्तेजींची भेट झाली. ते आता वृद्ध झाले आहेत. मी त्यांना दोन बाणांची माझी सगळी कथा सांगितली आणि गोळ्या चालू आहेत हेही जरा चाचरतच सांगितले. ते म्हणाले, ‘बाळ, भिक्खूच्या चार गरजा कोणत्या?’ मी विद्यार्थिनीसारखी उत्तर दिले. चीवर, भिक्षान्न, निवास आणि आजाऱ्यासाठी औषध. ‘मग?’ एवढेच ते म्हणाले. पुढे त्यांनी अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या त्या भिक्खूची गोष्ट काढली, ज्याला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुऊन-पुसून पलंगावर निजवले आणि मग संघाला विचारले, की याची शुश्रूषा कुणी का केली नाही. ‘त्या भिक्खूला तथागतांनी आधी सुत्त नाही सांगितलं, आधी आंघोळ घातली,’ भन्तेजी म्हणाले. ध्यान मी सोडलेले नाही. ते मला उपयोगी पडते. पण आता ते मी परीक्षा म्हणून करत नाही.

गेल्या वर्षी शाळेतल्या आरोग्य तपासणीसाठी आम्ही काही माजी विद्यार्थी आलो होतो. तेव्हा आठवीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली. तिचे नाव-गाव मी सांगणार नाही. वर्गातून सारखी उठून जाते, चिडते, कुणात मिसळत नाही, अशी तिच्याबद्दल तक्रार होती. डोके दुखते असे ती म्हणते, पण चष्म्याचा नंबर नाही, ताप नाही. मी तिला वहीचे पान आणि पेन्सिल दिली आणि म्हटले, ‘दुखायच्या आधी काही दिसतं का? दिसत असलं तर काढ.’ ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने करवतीचे दाते काढले, एकापुढे एक, अर्धवर्तुळात. आणि रडू लागली. ‘मॅडम, मी वेडी होणार का?’ असे तिने विचारले.

त्या दिवशी मी तिच्याशी जे बोलले ते बहुतेक वर आले आहे. शिक्षकांशी जे बोलले तेही येथे नोंदवते, कारण ही स्मरणिका पालकही वाचतील. मुलाचे डोके वारंवार दुखत असेल, तर आधी ते खरे माना. सकाळचे खाणे चुकू देऊ नका. डॉक्टरांकडे न्या, आणि तेथे झोप, भूक, रडू, भीती यांबद्दलही बोला. अचानक उठलेली, आजवर कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, तापासह मान ताठरणे, शुद्ध हरपणे, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही असेल तर ती अर्धशिशी समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि ‘जगण्यात काही अर्थ नाही’ असे मूल म्हणाले, तर ते नाटक समजू नका. केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा 2022 सालापासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक दिवस-रात्र चालतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते. वेल्ह्याच्या डोंगरातून पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचायला एसटीचा अख्खा दिवस मोडतो. फोन त्याआधी लागतो. शाळेच्या मुख्याध्यापकांनी हा क्रमांक वसतिगृहाच्या सूचनाफलकावर लावला. कोठीघराशेजारची एक छोटी खोलीही पडदे लावून रिकामी ठेवली आहे. ती मुलगी अधूनमधून तिथे जाऊन निजते, असे अधीक्षिका फोनवर सांगतात. यंदा ती नववीत गेली.

राहिली आई. ती आता सत्तरीच्या पुढे आहे. वयानुसार तिची डोकेदुखी पुष्कळ कमी झाली, अनेकींची होते. गेल्या दिवाळीला मी गावी गेले असता, ओट्यावर बसून मी तिला माझ्या आजारपणाची सगळी कथा सांगितली. आजवर तिच्यापासून लपवले होते. केस न विंचरण्याचे सांगितले, गॅस न पेटवता उभी राहिल्याचे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. समोर धरणाच्या पाण्यावर उन्हाची तिरीप पडली होती आणि तिने सवयीने पदर डोळ्यांवर ओढला.

‘म्हंजे माझं बी तसंच व्हतं का गं?’ तिने विचारले.

मी ‘हो’ म्हटले. लहानपणी तुझा राग यायचा, हेही सांगितले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने पुन्हा तांदूळ निवडू लागली. निघताना मी माझ्यासारखीच एक वही तिच्याजवळ ठेवली. तिला लिहिता येत नाही. डोके दुखले तर उभी रेघ आणि मन दुखले तर आडवी, असे आम्ही ठरवले. माघात परत गेले तेव्हा तिने ती वही फडताळातून काढून दाखवली. तीन महिन्यांत उभ्या रेघा चार होत्या आणि आडव्या एकोणीस. पुढच्या सोमवारी मी तिला घेऊन भोरच्या दवाखान्यात जाणार आहे.